काजळीमामाची सही

हॉटेलवाले त्याला काजळीमामा म्हणायचे. खरं नाव फक्त लायसन्सवर आणि बायकोच्या रागात उरलं होतं. शेगडीच्या वर पत्र्याचं जे छत असतं तिथून थेट गच्चीवरच्या पंख्यापर्यंत जाणारं धुराडं आतून खरवडून साफ करायचं, हे त्याचं काम. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या हॉटेलाच्या पोटात काय साचलेलं असतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो बाहेर कुठे जेवत नसे. बायको म्हणायची, "न्हाव्याला जगभर नुसते केस दिसतात, तसं तुमचं झालंय."

काम कष्टाचं आणि घाणेरडं. आधी छताच्या जाळ्या काढून कास्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायच्या. मग धुराड्याची झाकणं उघडून आत अर्धं अंग घालायचं आणि पत्र्याला चिकटलेला तेलाचा थर पटाशीने सोलून काढायचा. जुना थर डांबरासारखा असतो, नवा मधासारखा. दोन्ही सारखेच पेटतात. शेवटी वर चढून पंख्याची पाती पुसायची, खाली येऊन शेगडीवरच्या छतावर पिवळं स्टिकर लावायचं, त्यावर तारीख टाकायची आणि सही करायची. त्या सहीवर अग्निशमनचे साहेब विश्वास ठेवायचे, हॉटेलवाले ठेवायचे आणि मामाला त्याचा मनातून तोराही होता.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक व्हिएतनामी जोडपं होतं. बारा टेबलांचं छोटं हॉटेल, आणि मिळायचा एकच पदार्थ, फो. म्हणजे हाडं रात्रभर उकळून काढलेलं नितळ सूप, त्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया, मांसाचे कागदासारखे काप आणि वरून मूठभर हिरवा पाला. सूप करायची ती बायको. नवरा टेबलं सांभाळायचा, पाला निवडायचा, भांडी घासायचा. ती बुटकी, खणखणीत आवाजाची, सदा घाईत. कांदा आणि आलं थेट जाळावर काळंकुट्ट होईपर्यंत भाजायची, चक्रफूल आणि दालचिनी कोरडीच परतायची आणि पातेल्यापाशी कोणाला फिरकू द्यायची नाही. नवऱ्याने झाकण जरी उचललं तरी हातावर पळी बसायची. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी दोघांची भाषा तोडकीच राहिली होती, पण तेवढ्यावर ती अख्ख्या गल्लीशी भांडू शकायची.

मामा त्या हॉटेलात टेबलावर कधी बसला नव्हता. पण काम संपलं की ती स्वयंपाकघरातच त्याच्या हातात वाडगा द्यायची. "मामा, खा. नाही खाल्लं तर पुढच्या वेळी काम नाही." आणि बाहेर पाणीसुद्धा न पिणारा मामा ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत वाडगा रिकामा करायचा. तिच्या पातेल्यात लबाडी नाही, असं तो घरी सांगायचा.

त्या हॉटेलाचं धुराडं तसं सोपं होतं. एकच जागा अवघड होती. गच्चीवर पंख्याच्या आधी नळ काटकोनात वळायचा आणि त्या वळणाचं झाकण चार गंजलेल्या स्क्रूंनी बसवलेलं होतं. दर खेपेला ते चार स्क्रू जीव खायचे.

त्या दिवशीही खायला लागले. सकाळपासून मामाची दोन हॉटेलं झाली होती. ऊन पाठीवर होतं, गुडघा ठणकत होता. पहिल्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला आणि अंगठ्याची साल निघाली. मामाने अंगठा तोंडात घातला आणि झाकणाकडे पाहत राहिला. घरी कोणी आजारी नव्हतं, कोणाकडे जायचं नव्हतं, घाईचं काहीच कारण नव्हतं. त्याला फक्त कंटाळा आला होता. मागच्या खेपेला केलंय की, पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून तो खाली उतरला. स्टिकर लावलं, सही केली. तिने वाडगा दिला, त्याने खाल्ला.

अकरा आठवड्यांनी ते हॉटेल पेटलं.

दुपारची गर्दी ओसरली होती. नवऱ्याने बारीक शेगडीवर कांदा तळायला तेल ठेवलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि तो मागच्या दारात जाऊन बोलत उभा राहिला. तेल तापून पेटलं. बायको धावली, तिने गॅस बंद केला, झाकण टाकलं, तेलाची आग विझलीसुद्धा. पण एक ज्वाळा तोवर वर ओढली गेली होती. ती धुराड्यातून सरळ गच्चीपर्यंत गेली, आणि वळणात जे साचलं होतं ते पेटलं. मग ते वितळून खाली गळायला लागलं. बायको पातेलं वाचवायला शेगडीपाशीच उभी होती. तिच्या डोक्यावर पेटलेले थेंब पडायला लागले आणि तिने दोन्ही हात डोक्यावर धरले.

दुसऱ्या दिवशी मामा तिथे गेला तेव्हा अग्निशमनचा अधिकारी पंचनामा करत होता. मामा गच्चीवर चढला. वळणाचा पत्रा फाटून उलटा झाला होता, आत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. झाकण मात्र एका बाजूला लोंबकळत होतं, आणि त्यातले दोन स्क्रू अजून घट्ट बसलेले होते.

खाली अधिकाऱ्याने अर्धवट जळलेल्या स्टिकरवर बोट ठेवलं. "ही तुमचीच सही ना?"

"हो."

"म्हणजे धुराडं साफ होतं. संपूर्ण केलं होतंत?"

मामाने मान डोलावली.

"मग प्रश्नच मिटला. तेल ठेवून हा गेला फोनवर. निष्काळजीपणा." अधिकाऱ्याने लिहून घेतलं. नवरा भिंतीशी उकिडवा बसला होता. त्याने ते ऐकलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. एकदा, मग पुन्हा. अधिकाऱ्याने त्याचा हात धरला. मामाला ते जमलं नाही.

ती वाचली, पण हात गेले. म्हणजे होते जागेवर, बोटंही होती, पण ती वळत नव्हती आणि त्यांना ऊब सोसवत नव्हती. धूर छातीत गेल्याने तो खणखणीत आवाजही बसला. दवाखान्यात मामाने बायकोला पाठवलं, स्वतः गेला नाही. बायको येऊन म्हणाली, "बघवत नाही हो. आणि नवऱ्याशी एक शब्द बोलत नाही ती. तो पाणी पुढे करतो, ही तोंड फिरवते." मामा उठून न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला.

पुढच्या महिन्यांत तो असं काम करायला लागला की हॉटेलवाले वैतागले. जिथे दोन तास लागायचे तिथे पाच लागायचे. नुकतं घासलेलं पुन्हा घासायचा. नखं रक्ताळून घरी यायचा. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, ती एकदा म्हणाली, "बाबा, एवढं चकाचक करताय, त्यात काय तोंड बघायचंय?" तो तिच्यावर इतका ओरडला की ती दोन दिवस फुगून बसली.

आठ महिन्यांनी व्हिएतनामी नवऱ्याचा फोन आला. "मामा, हॉटेल चालू झालं. रविवारी दुपारी या. बायको, मुलगी, सगळे. तुम्ही आमचे माणूस."

मामाने सबबी सांगून पाहिल्या. पण फोन जवळच बसलेल्या बायकोने ऐकला होता. "तीस वर्षांत मला एकदा बाहेर जेवायला नेलं नाहीत," ती म्हणाली, "आणि आता कोणी बोलावतंय तर पोटात दुखतंय?" तिने ठेवणीतली साडी काढली. मुलीने वडिलांच्या शर्टाला इस्त्री केली.

हॉटेल नवं दिसत होतं. भिंतींना पोपटी रंग, खुर्च्या नव्या. गल्ल्यामागे ती बसली होती. कोपरापर्यंत तपकिरी घट्ट मोजे चढवलेले, डाव्या गालावरची कातडी ताणलेली आणि चकाकणारी. समोर कागदी रुमालांचा गठ्ठा होता आणि ती मनगटांनी दाबून एकेक घडी घालत होती. मामाला बघून हसली. ते हसू एकाच बाजूला आलं.

"मामा," ती बसक्या आवाजात म्हणाली, "आज खुर्चीवर बस."

ते बसले. मामाची बायको भिरभिरत्या नजरेने सगळं बघत होती. टेबलावर जेवायच्या काड्या होत्या, तिखट चटणीच्या बाटल्या होत्या, एका ताटलीत तुळस, पुदिना, मोड आलेले मूग आणि लिंबाच्या फोडी होत्या. "हे सगळं आपणच घालायचं?" तिने मुलीला हळूच विचारलं. मुलीने काड्या धरायला शिकवल्या, तिच्या हातून त्या दोनदा निसटल्या, आणि दोघी मायलेकी तोंडावर पदर आणि ओढणी धरून हसायला लागल्या. मामाने त्या दोघींना इतकं मोकळं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

नवऱ्याने स्वतः वाडगे आणले. आता सूप तोच करत होता. वाफेने त्याचा चष्मा धुरकटला होता, तो पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं. टेबलापाशी उभा राहून तो मामाच्या तोंडाकडे बघत राहिला.

मामाने चमचा तोंडाला लावला. सूप गढूळ होतं. कांद्याचा जळका वास वर आला होता, मीठ पुढे येत होतं आणि त्यामागे काहीच नव्हतं.

"कसं?" नवऱ्याने विचारलं.

"चांगलंय," मामा म्हणाला.

"नाही. मला माहिती. ती सांगत नाही, काय चुकतं. चव घेत नाही." नवऱ्याने गल्ल्याकडे नजर टाकली आणि आत निघून गेला.

थोड्या वेळाने ती उठून त्यांच्या टेबलाशी आली, मामाच्या बायकोच्या शेजारी बसली. मामाच्या बायकोने तिच्या मोज्यातल्या हातावर अलगद हात ठेवला आणि विचारलं, "आता बरं आहे ना, ताई?"

"हात जिवंत आहे. काम मेलं." तिने आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे हनुवटी केली. "तो फोनवर बोलत होता. तेल ठेवलं आणि बोलत होता. मी आठ महिने विचार करते. असा कसा माणूस? धुराडं साफ होतं. मामाने साफ केलं होतं. साहेबांनी मला कागद दाखवला, सही दाखवली." मग ती मामाच्या बायकोकडे वळून म्हणाली, "तुझा नवरा काम करतो. माझा नवरा नाही."

मामाच्या बायकोने संकोचाने आणि थोड्या अभिमानाने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. मामाने चमचा खाली ठेवला. तो उठला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

नवरा शेगडीपाशी पाठमोरा उभा होता. पातेल्यावरचा फेस पळीने काढत होता, पण फेस त्याला दाद देत नव्हता.

"दादा," मामा म्हणाला, "मला बोलायचंय. वरचं वळण मी त्या दिवशी साफ केलं नव्हतं. झाकण उघडलंच नाही. तसंच स्टिकर लावलं. तेल पेटलं तरी तिथल्या तिथे विझलं असतं. तिच्या अंगावर पडलं ते माझं पाप आहे. तुझं नाही."

नवरा वळला. मग पळी ठेवली, हात पुसले आणि मामाचे दोन्ही खांदे धरले. त्याचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही फार चांगले," तो म्हणाला. "तिने बाहेर काय म्हटलं, मी ऐकलं. माझ्यासाठी तुम्ही हे बोलता."

"नाही रे, खरं सांगतोय. आईची शपथ."

"साहेबांनी पाहिलं. कागद आहे. मी फोनवर होतो, मामा. मी होतो. खोटं नको. मला त्रास होतो." त्याने मामाला हलकेच दाराकडे वळवलं. "जा. सूप थंड होतं."

मामा येऊन खुर्चीवर बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलायचं धाडस केलं, तर ते औदार्य ठरलं होतं. समोरचा वाडगा त्याने पूर्ण संपवला. उरवायची हिंमत झाली नाही.

परतताना बसथांब्याच्या बाकावर त्याने बायकोला आणि मुलीला सगळं सांगितलं. झाकण, अंगठ्याची साल, डोलावलेली मान, आत्ताचं स्वयंपाकघर. बस आली आणि गेली, तिघं उठली नाहीत.

बायको समोर बघत होती. "मी दवाखान्यात तिला भरवलं," ती म्हणाली. "ती म्हणाली तुझा नवरा देवमाणूस. मी हो म्हटलं."

"बाबा, आता कोणाला सांगू नका," मुलगी घाईने म्हणाली. "तुम्ही सांगितलंत, त्यांनी ऐकलं नाही. संपलं. लायसन्स जाईल तुमचं. या वयात दुसरं काय करणार?"

"लिहून द्या," बायको म्हणाली.

"आई!"

"तू गप्प बस. तो बिचारा घरातल्या घरात मेल्यासारखा वावरतोय. लिहून द्या. नाही दिलंत तर मी जाऊन सांगेन, आणि माझ्यावर विश्वास ठेवतील ते."

सोमवारी मामा अग्निशमनच्या कार्यालयात गेला. अधिकाऱ्याने अर्ज वाचला आणि वैतागून म्हणाला, "फाइल बंद झालीये, मामा. आता हे उकरून काय मिळणार तुम्हाला?" मामा पोच घेतल्याशिवाय हलला नाही. मग चौकशी झाली, दोनदा जबाब झाला. लायसन्स कायमचं रद्द झालं. ज्या हॉटेलांत त्याचं स्टिकर होतं त्या सगळ्यांना नोटिसा गेल्या, आणि तीस वर्षं ज्यांनी विश्वास टाकला त्यांनी फोन उचलणं बंद केलं. एकाने भर बाजारात गाठून आईबहिणीवरून शिव्या घातल्या. मामाने त्या उभं राहून ऐकल्या.

दुरुस्त केलेल्या अहवालाची प्रत व्हिएतनामी जोडप्यालाही गेली. त्यानंतर पाचव्या दिवशी, संध्याकाळी, ती एकटीच मामाच्या घरी आली. कोपराने दार वाजवलं. मामाच्या बायकोने खुर्ची दिली, पाणी ठेवलं. तिने दोन्ही नाकारलं. दारातच उभी राहिली.

"एकच विचारते," ती मामाला म्हणाली. "ते झाकण. ते काम. किती वेळ लागतो?"

मामाला खोटं बोलता आलं असतं. "अर्धा तास," तो म्हणाला.

"अर्धा तास." तिने मान हलवली. "तो म्हणतो, तू त्या दिवशी त्याला सांगितलं. त्याने मानलं नाही. मी पण मानलं नसतं. इतके महिने मी त्याला एक शब्द दिला नाही. तो जमिनीवर झोपायचा. मी बघायची आणि मला बरं वाटायचं." तिचा आवाज पूर्ण बसला, ती थांबली, पुन्हा ओढून आणला. "हात आगीने घेतले. ते महिने मी कोणाकडे मागू?"

मामा तिच्या पाया पडायला वाकला. ती मागे सरली. "नको," ती म्हणाली. "तुला बरं वाटेल. नको." आणि जिना उतरून गेली. बायको तिच्या मागोमाग खालच्या पायरीपर्यंत धावली, पण ती वळली नाही.

मामाला पुढे दवाखान्याच्या धोबीखान्यात काम मिळालं. चादरी मशीनमधून काढायच्या, झटकायच्या, घड्या घालायच्या. तिथे त्याला कोणी मामा म्हणत नाही. बायको बोलते, पण कामापुरतं. रविवारी मुलीला सुट्टी असते, तेव्हा घरात थोडा आवाज असतो.

मध्ये एकदा मंडईत भाजीवाल्याने आपणहून विषय काढला. पाला अजून तोच त्या हॉटेलाला पुरवतो. "काय भांडतात हो दोघं!" तो म्हणाला. "ती आता स्टूल टाकून शेगडीपासून लांब बसते. हा चमचा नेऊन तिच्या तोंडाला लावतो, ती थुंकते आणि त्याची आई-माई काढते. मीठ जास्त, कांदा करपला, तुला अक्कल नाही. आवाज फुटत नाही तिचा, तरी गल्लीत ऐकू येतं."

मामाने ऐकून घेतलं. दोन जुड्या कोथिंबीर घेतली, पिशवीत टाकली आणि घरी आला. बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही.